ओत्तो विख्तर्ले : एका बहुवारिक-रसायनज्ञाची विद्यापीठीय वाटचाल

शास्त्रीय शोधांचा इतिहास लोकांच्या स्मरणात राहतो तो बहुधा आख्यायिकेच्या रूपाने. मऊ स्पर्शभिंगाचा, म्हणजे नित्य व्यवहारात ज्यास कॉन्टॅक्ट लेन्स म्हटले जाते त्या वस्तूचा, इतिहासही यास अपवाद नाही. १९६१ सालचा नाताळ, प्राग शहरातील एका घरातले स्वयंपाकघर, टेबलावर मुलांच्या खेळण्यातील पट्ट्या व चक्रे जोडून उभे केलेले एक यंत्र, आणि त्या यंत्रातून बाहेर पडलेली पहिली चार भिंगे, एवढा प्रसंग बहुतेक पुस्तकांत आढळतो. प्रसंग खरा आहे. त्यात कोणी पदरची भर घातलेली नाही. परंतु तेवढाच सांगितला असता एक प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवतच नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न तर तोच आहे. शास्त्रीय संस्थेचा संचालक असलेला, दोन विषयांची पाठ्यपुस्तके लिहिणारा आणि आपल्या विषयात आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविलेला प्राध्यापक आपले मूलभूत प्रयोग प्रयोगशाळेत न करता घरी का करीत होता?

या प्रश्नाचे उत्तर ओत्तो विख्तर्ले यांच्या अध्यापकीय आयुष्यक्रमात सापडते. १९३९, १९५८ आणि १९७० या तीन सालांत त्या आयुष्यक्रमाचा धागा तीनदा बाहेरून तोडला गेला. प्रस्तुत निबंधात त्या धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. प्रारंभी एक खुलासा आवश्यक वाटतो. पॉलिमर या पदार्थवर्गासाठी मराठी विश्वकोशाने ‘बहुवारिक’ ही संज्ञा स्वीकारली आहे, व ज्या लहान रेणूंच्या पुनःपुन्हा जोडणीतून तो बनतो त्यास ‘एकवारिक’ म्हटले आहे. एकच घटक अनेक ‘वार’ येणे ही मूळ कल्पना या संज्ञेत चांगली उतरली आहे, म्हणून येथे तीच वापरली आहे.

विख्तर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्तेयोव या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पुढे पाच वर्षांनी चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक जन्मास आले, आणि ते प्रजासत्ताक जेथे संपले तेथपर्यंत विख्तर्ले यांचे सार्वजनिक जीवनही चालले. वडिलांचा शेतीच्या अवजारांचा भरभराटीस आलेला कारखाना होता. विख्तर्ले व कोव्हार्झिक या दोन भागीदारांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून बनलेल्या ‘विकोव्ह’ या नावाने तेथे मोटारगाड्याही तयार होत. अशा घरातील मुलाने कारखान्यात जावे ही अपेक्षा स्वाभाविक होती. ओत्तो यांनी शास्त्राचा मार्ग धरला. तथापि यंत्र हाताने जुळवून पाहण्याची सवय त्या घरातून आली असावी असे मानण्यास हरकत नाही. शास्त्रज्ञाच्या घडणीत घरातील हत्यारपेटीचा वाटा किती, याकडे चरित्रकारांचे लक्ष सहसा जात नाही.

प्रागच्या चेक तंत्रविद्यापीठात रसायन-तंत्रशास्त्राचा अभ्यास करून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तेथील त्यांचे गुरू एमिल व्होतोचेक. व्होतोचेक हे शर्करांच्या रसायनशास्त्राचे अधिकारी विद्वान होते, शिवाय संगीतरचनाकार होते, आणि भाषेच्या अभ्यासकास विशेष जवळचे वाटावे असे त्यांचे कार्य म्हणजे चेक भाषेतील रासायनिक परिभाषेची व्यवस्था. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान स्वातोप्लुक प्रेस्ल यांनी चेक भाषेत रसायनशास्त्राचा ग्रंथ लिहिला, तेव्हा मूलद्रव्यांना देशी नावे घडवण्याचा प्रयत्न झाला होता. ऑक्सिजनला ‘किस्लीक’, म्हणजे आंबट या अर्थाच्या शब्दापासून साधलेले नाव, आणि हायड्रोजनला पाण्याच्या नावावरून ‘व्होदीक’. ही नावे आजही रूढ आहेत. प्रेस्ल यांची इतर कित्येक नावे मात्र टिकली नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी बाटेक व व्होतोचेक यांनी या परंपरेस जी नवी शिस्त आणली ती मूळ नावांमध्ये नसून प्रत्ययांमध्ये होती. मूलद्रव्याची संयुजा एकापासून आठापर्यंत जशी बदलेल तसा विशेषणाचा प्रत्यय बदलतो : ‘-नी’, ‘-नाती’, ‘-इती’, ‘-इचिती’ अशा क्रमाने आठ प्रत्यय. ‘उहेल्नाती’ ऑक्साइड म्हटले की कार्बन मोनॉक्साइड समजावा, आणि ‘उह्लिचिती’ ऑक्साइड म्हटले की कार्बन डायॉक्साइड. सूत्र लिहून दाखविण्याची गरज नाही. शब्दाच्या अंत्यावरूनच सूत्र कळते.

परिभाषानिर्मितीच्या इतिहासात हे उदाहरण मोलाचे आहे. परिभाषेचा वाद आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की इंग्रजी, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. रघुवीरांचा कोश व त्याचे टीकाकार दोन्ही पक्ष मूळ शब्दाकडेच पाहत होते. प्रत्ययांची एक लहानशी, बंदिस्त व नियमबद्ध व्यवस्था केली तर मूळ शब्द कोठूनही आला तरी भाषा तो पेलते, हे चेक रसायनज्ञांनी दाखवून दिले. विख्तर्ले अशा गुरूच्या हाताखाली शिकले. पुढे त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांची मांडणी ज्या व्यवस्थित बुद्धीची साक्ष देते तिचा उगम या गुरुकुलात शोधणे अयोग्य होणार नाही.

१९३९ साली विख्तर्ले यांनी विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार देणारा दुसरा प्रबंध सादर केला. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले होते. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी अधिकाऱ्यांनी सर्व चेक उच्च शिक्षणसंस्था बंद केल्या. विद्यार्थी-चळवळीतील नऊ जणांना गोळ्या घालण्यात आल्या आणि सुमारे १,२०० विद्यार्थ्यांची रवानगी छळछावणीत झाली. संस्था तीन वर्षांपुरत्या बंद असल्याचे जाहीर झाले होते. प्रत्यक्षात त्या १९४५ पर्यंत उघडल्या नाहीत. प्रबंध तसाच पडून राहिला.

विख्तर्ले झ्लीन येथील बाटा कंपनीच्या संशोधनसंस्थेत दाखल झाले. बाटा हे नाव मराठी वाचकास नवे नाही. कलकत्त्याजवळील बाटानगरामुळे ते अनेकांस देशीच वाटते. परंतु त्या कारखान्याचे मूळ गाव झ्लीन, आणि विद्यापीठे बंद पडल्यावर चेक शास्त्रज्ञांना जे थोडे आश्रय उरले त्यांत या पादत्राणांच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती. तेथे विख्तर्ले यांच्याकडे प्लॅस्टिकांचे काम आले, विशेषतः कॅप्रोलॅक्टॅम व त्यापासून होणारी पॉलिअमाइडे यांचे. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये केली होती, आणि त्याच वर्षी जर्मनीत पाउल श्लाक यांना कॅप्रोलॅक्टॅमपासून तंतू मिळाला होता. युद्धकाळात ही माहिती झ्लीनपर्यंत खुलेपणाने पोहोचण्याचा संभव नव्हता. १९४१ साली विख्तर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या पॉलिअमाइडाचा धागा ओढून रिळावर गुंडाळण्याची पद्धत स्वतंत्रपणे साधली. या धाग्यास ‘सिलोन’ असे नाव मिळाले.

या नावाचा पुढील प्रवास मनोरंजक आहे. चेक भाषेत स्त्रियांच्या तलम पायमोज्यांना ‘सिलोन्की’ म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, त्याला अनेकवचनी प्रत्यय लागला, आणि धाग्याचे रसायनशास्त्र बोलणाऱ्याच्या मनातून पुसले गेले. मराठीत ‘नायलॉन’ या शब्दाचे याहून विचित्र झाले. ‘नायलॉन पोहे’ आणि ‘नायलॉन साबुदाणा’ म्हणताना तंतूचा संबंधच उरत नाही, शिल्लक राहतो तो केवळ पातळपणाचा व पारदर्शकतेचा भास.

१९४२ मध्ये गेस्टापोने विख्तर्ले यांना अटक केली. काही महिन्यांनी सुटका झाली. युद्ध संपल्यावर ते विद्यापीठात परतले आणि सामान्य, अकार्बनी व कार्बनी रसायनशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या आयुष्यातील हा भाग चरित्रलेखांत दोन ओळींत आटोपला जातो, पण अध्यापकांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. सहा वर्षे बंद राहिलेल्या विद्यापीठात एकाच वेळी सहा वर्षांचे विद्यार्थी येऊन बसतात तेव्हा शिकवायचे कसे हा प्रश्न पाठ्यपुस्तकाचा प्रश्न होतो. विख्तर्ले यांनी अकार्बनी व कार्बनी या दोन्ही शाखांची पुस्तके लिहिली. अकार्बनी रसायनशास्त्राचे त्यांचे पुस्तक त्या काळाच्या पुढचे मानले गेले. १९४९ मध्ये प्लॅस्टिकांच्या तंत्रशास्त्रात अध्यापनाचा अधिकार मिळवून त्यांनी त्या विषयाचा नवा विभाग उभारण्याचे काम हाती घेतले. १९५२ साली प्रागचे रसायन-तंत्रविद्यापीठ स्वतंत्र संस्था म्हणून स्थापन झाले आणि विख्तर्ले तेथे अधिष्ठाता झाले.

त्याच वर्षी एक आगगाडीचा प्रवास घडला. ओलोमोत्सहून प्रागकडे येताना शेजारील प्रवासी, आरोग्य खात्यातील एक अधिकारी, नेत्रवैद्यकाचे नियतकालिक वाचीत होता. काढून टाकलेल्या डोळ्याच्या जागी टँटलम धातूचे रोपण करण्यासंबंधी त्यात काही मजकूर होता. विख्तर्ले यांचे म्हणणे पडले की जिवंत ऊतींच्या सहवासात ठेवावयाची वस्तू धातूची असण्यापेक्षा ऊतींशी जुळणाऱ्या एखाद्या बहुवारिकाची असणे अधिक योग्य. एवढ्यावरून संभाषण सुरू झाले आणि विख्तर्ले त्या विषयाकडे वळले.

या म्हणण्यात नवीन काय होते हे नीट पाहिले पाहिजे. शरीरात बहुवारिक बसविण्याची कल्पना तेव्हा अपरिचित नव्हती. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांनी १९४९ च्या नोव्हेंबरात पॉलिमेथिल मेथॅक्रिलेटचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले होते. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे कण शिरून राहिले तरी डोळा त्यांना विरोध करीत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्याच द्रव्याची, बुबुळावर ठेवावयाची कठीण स्पर्शभिंगे १९४८ पासून प्रचारात येत होती. परंतु या साऱ्या उदाहरणांत शरीराला चालेल अशी आधीच तयार असलेली वस्तू निवडलेली होती. विमानासाठी बनविलेले द्रव्य डोळ्याने सहन केले, इतकाच त्याचा अर्थ. विख्तर्ले यांनी प्रश्न उलटा मांडला. ऊतींचे स्वतःचे गुणधर्म कोणते, आणि त्या गुणधर्मांचे बहुवारिक रचता येईल काय? ऊतींमध्ये पाणी असते, त्या मऊ असतात, आणि पाण्यात विरघळणारे लहान रेणू त्यांतून ये-जा करतात. तेव्हा हवे असलेले द्रव्य पाणी शोषणारे पण पाण्यात न विरघळणारे असले पाहिजे. ते ऊतींबरोबर राहून बदलता कामा नये, आणि त्यातून सुटून बाहेर पडेल असे काही शिल्लक राहता कामा नये. वैद्यकासाठी द्रव्य निवडण्याऐवजी ते मुद्दाम रचण्याच्या दिशेने टाकलेले हे फार स्पष्ट पाऊल होते, आणि विख्तर्ले यांचे खरे श्रेय येथे आहे.

उत्तर रासायनिक दृष्ट्या फार दूरचे नव्हते. पॉलिमेथिल मेथॅक्रिलेटच्या साखळीवर प्रत्येक दुव्यास एक मेथिल एस्टर गट लोंबत असतो. त्याला पाण्याची ओढ नाही, म्हणून ते द्रव्य काचेसारखे कठीण व कोरडे राहते. मेथिलच्या जागी हायड्रॉक्सिएथिल गट आणला, म्हणजे मेथॅक्रिलिक अम्लाचे एथिलीन ग्लायकॉलच्या दोन हायड्रॉक्सिल गटांपैकी एकाशीच एस्टर केले, तर दुसरा हायड्रॉक्सिल मोकळा राहतो आणि पाण्याचे रेणू धरून ठेवतो. मात्र साखळ्या सुट्या राहिल्या तर वस्तूचा आकार टिकणार नाही, म्हणून त्या अधूनमधून एकमेकींशी बांधाव्या लागतात. हे काम ग्लायकॉलचे दोन्ही हायड्रॉक्सिल मेथॅक्रिलिक अम्लाशी जोडलेला रेणू करतो. त्याची अगदी थोडी मात्रा पुरते. ती वाढली की जाळे घट्ट होऊन पाणी कमी शिरते, कमी पडली की वस्तू लिबलिबीत होते. विख्तर्ले यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी प्रयोगशाळेत हे तोलून काढले. जे जेल मिळाले ते सुमारे ४० टक्के पाणी शोषीत असे, पूर्ण पारदर्शक राहत असे आणि हाताळण्याइतके बळकटही होते. कोरडे असता ते काचेसारखे कठीण, पाण्यात ठेवले की फुगून लवचिक. १९५३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. ‘नेचर’ या नियतकालिकात विख्तर्ले व लीम यांचा जैव उपयोगाच्या जलस्नेही जेलांवरील लघुनिबंध १९६० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्याचा विस्तार दोन पृष्ठांचा आहे. जैववैद्यकीय बहुवारिकांच्या साहित्यात ज्यांचा पुनःपुन्हा निर्देश होतो अशा लेखांत त्याची गणना होते.

भिंगाची कल्पना मूळ योजनेत नव्हती. प्रथम विचार शरीरात बसविण्याच्या वस्तूंचा होता. पारदर्शक, ओले आणि मऊ द्रव्य हाती आल्यावर डोळ्याकडे लक्ष जाणे क्रमप्राप्तच होते. १९५७ मध्ये बंद साच्यांत सुमारे शंभर मऊ भिंगे तयार करण्यात आली. रुग्णांना ती सुखकर वाटत, परंतु साच्यातून काढताना त्यांच्या कडा फाटत. डोळ्यास बोचते ती भिंगाची कड. तेव्हा अडचण द्रव्याची नव्हती, घडणीची होती. नेमक्या या टप्प्यावर दुसरा आघात झाला. १९५८ साली कम्युनिस्ट राजवटीने रसायन-तंत्रविद्यापीठात जी राजकीय छाननी केली तीत विख्तर्ले यांना संस्था सोडावी लागली. ज्या विभागाची उभारणी त्यांनी केली होती त्यातील अध्यापन एकाएकी थांबले.

तरीही ते बेकार झाले नाहीत, आणि हे त्या राजवटीचे एक चमत्कारिक वैशिष्ट्य होय. चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे सभासदत्व त्यांना १९५५ मध्येच मिळाले होते. १९५७ मध्ये प्राग येथे बृहद्रेणू रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, आणि त्याच्या यशामुळे त्या विषयाची स्वतंत्र संस्था काढण्याचा निर्णय झाला. या संस्थेचे संचालकपद विख्तर्ले यांच्याकडे आले. विद्यार्थ्यांसमोर उभे राहण्यास जो अपात्र ठरला तो संशोधनसंस्था चालविण्यास पात्र ठरला. विद्यापीठे व अकादमी यांची सोव्हिएट पद्धतीची फारकत येथे उपयोगी पडली खरी, पण तिचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. शिक्षकाला विद्यार्थ्यांपासून दूर करून त्याची विद्या तेवढी राखून ठेवणे त्या राजवटीस सोयीचे होते.

संचालक मिळाला, संस्था मिळाली, पण इमारत नव्हती. ती बांधून पूर्ण होईपर्यंत प्रयोग जमेल तेथे करणे भाग होते. प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते हे.

आता स्वयंपाकघरातील प्रसंगाकडे वळता येईल. बंद साचा कड फाडतो, तर साचा उघडाच ठेवावा, आणि भिंगाचा आतला पृष्ठभाग साच्याने न घडविता फिरण्याने घडवावा, ही कल्पना. पेल्यातील पाणी गरगर फिरविले असता त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. द्रवरूप एकवारिक लहान वाटीसारख्या साच्यात घालून तो साचा स्वतःभोवती फिरत ठेवला, आणि फिरत असतानाच बहुवारिकीकरण होऊन द्रव घट्ट झाला, तर ती खोलगट वक्रता कायम राहते. बाहेरची वक्रता साच्याची, आतली वेगाची. वेग बदलला की भिंगाची शक्ती बदलते. कड आपोआप गुळगुळीत होते, कारण तिला दुसरा साचा स्पर्शच करीत नाही. या कामी विख्तर्ले यांनी ‘मेर्कुर’ नावाचा चेक बांधणीखेळ वापरला. आपल्याकडील मेकॅनोचे ते भावंड म्हणावे. त्याला मुलाच्या सायकलचा डायनॅमो व दारावरील घंटेचा ट्रान्सफॉर्मर यांची जोड दिली. साचे व एकवारिक मोजून घालण्याच्या काचनळ्याही त्यांनी स्वतःच केल्या. पत्नी लिंडा मदतीस होत्या. पहिली चार भिंगे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिली. शक्ती चुकीची होती, पण डोळ्याला त्रास झाला नाही. काही दिवसांतच पेटंटचा अर्ज तयार झाला. मग अधिक तर्कूंची यंत्रे झाली, त्यांना ग्रामोफोनची मोटर बसविण्यात आली, आणि १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत या पतिपत्नींनी घरी ५,५०० भिंगे तयार केली.

या यंत्राला चेक भाषेत ‘चोच्कोस्त्रोय’ म्हणतात : ‘चोच्का’ म्हणजे भिंग आणि ‘स्त्रोय’ म्हणजे यंत्र. ‘चोच्का’ या शब्दाचा दुसरा, किंबहुना पहिला, अर्थ मसूर असा आहे. लॅटिन ‘लेन्स’चा आणि जर्मन ‘लिन्झे’चाही तसाच. युरोपीय भाषांत भिंगाला मसुराच्या दाण्याच्या आकारावरून नाव पडले. मराठी ‘भिंगा’चा कोणत्याही डाळीशी संबंध नाही. पण चेक वृत्तपत्राच्या वाचकास स्वयंपाकघरातील टेबलावर तयार होणाऱ्या ‘चोच्कां’ची गोष्ट वाचताना जे किंचित हसू येत असेल ते भाषांतरात हरवते.

या प्रसंगावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की अडचणीमुळेच शोध लागला. पहिल्या आघातातून सिलोन निघाला, दुसऱ्यातून भिंग. चरित्रलेखकांना ही मांडणी प्रिय आहे. ती तपासून घेतली असता टिकत नाही. भिंगाचे द्रव्य तयार झाले ते १९५२-५३ च्या सुमारास, विद्यापीठात, विभाग व सहकारी हाताशी असताना. ‘मेर्कुर’च्या पट्ट्यांनी सोडविला तो कडेचा प्रश्न, आणि चांगली कार्यशाळा असती तर तोच प्रश्न तेवढ्याच कल्पकतेने सुटू शकला असता. घरगुती यंत्रामुळे काय साधले हे दिसते. विभाग हातून गेल्यामुळे काय साधावयाचे राहिले, कोणते विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले नाहीत, हे कोणत्याही पेटंटात नोंदलेले नसते. शिवाय विख्तर्ले यांच्या स्वतःच्या दृष्टीने लॅक्टॅमांच्या बहुवारिकीकरणाचे संशोधन काही कमी महत्त्वाचे नव्हते. कॅप्रोलॅक्टॅमच्या ऋणायनी बहुवारिकीकरणाची क्रियाविधी उलगडण्याचे त्यांचे व यान शेबेन्दा आदी सहकाऱ्यांचे कार्य रसायनज्ञांत मान्यता पावले. त्यासाठी खेळणे लागले नाही, म्हणून त्याची आख्यायिका झाली नाही.

भिंगाच्या मालकीची कथा थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. पेटंटांवरील हक्क अकादमीचा. १९६५ मध्ये अकादमीने अमेरिकेच्या नॅशनल पेटंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनला परवाना दिला, आणि त्या कंपनीने पुढल्या वर्षी तो बॉश अँड लोम्ब या भिंगे बनविणाऱ्या प्रसिद्ध कंपनीकडे सोपविला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७१ मध्ये त्या मऊ भिंगास मान्यता दिली. येथे एक व्याख्येचा पेच उद्भवला होता. वैद्यकीय साधनांना पूर्वपरवानगी आवश्यक करणारा कायदा अमेरिकेत १९७६ पर्यंत नव्हता. तेव्हा प्रशासनाने मऊ भिंगाची गणना ‘औषध’ या संज्ञेखाली केली, आणि औषधास लागू असलेल्या सर्व चाचण्या त्यास लावल्या. पाणी धारण करणारे व शरीराशी देवघेव करणारे द्रव्य ही वस्तू की औषध, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो, पण विख्तर्ले यांनी १९५२ मध्ये रसायनशास्त्राला जो प्रश्न घातला होता त्याचेच ते कायद्याच्या भाषेतील रूप होते. पुढे जगभर या भिंगांचा मोठा व्यापार झाला. संशोधकाच्या वाट्याला त्यातील नगण्य अंश आला. पेटंटांवरून अमेरिकेत खटले चालले तेव्हा साक्षीसाठी मात्र त्यांना तेथील न्यायालयात जावे लागले.

१९६० नंतरच्या दशकात प्रागची संस्था बृहद्रेणू रसायनशास्त्राचे एक मान्यवर केंद्र बनली, आणि तेथे भरणाऱ्या परिसंवादांना पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ येत असत. १९६८ च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियात जी राजकीय मोकळीक आली तीत विख्तर्ले यांनी उघड भाग घेतला. त्या वर्षी जून महिन्यात प्रसिद्ध झालेले ‘दोन हजार शब्द’ हे निवेदन लेखक लुदविक वात्सुलिक यांनी लिहिले. परंतु ते लिहावे असा आग्रह अकादमीतील ज्या थोड्या शास्त्रज्ञांनी धरला त्यांत विख्तर्ले होते, तसेच रोगप्रतिकारशास्त्राचे संशोधक व कवी मिरोस्लाव होलुब हेही होते. शास्त्रीय कार्यकर्त्यांच्या संघटनेच्या उभारणीतही विख्तर्ले अग्रभागी होते. ऑगस्टमध्ये वॉर्सा करारातील देशांची सैन्ये आली. १९७० मध्ये विख्तर्ले यांचे संचालकपद काढून घेण्यात आले.

हा तिसरा आघात सर्वांत दीर्घ ठरला. पहिल्या दोहोंनंतर काही नवे काम हाती आले होते. या वेळी ते त्याच संस्थेत अधिकारावाचून राहिले, आणि संशोधनाच्या वाटा आक्रसत गेल्या. वय ५६ होते. पुढची वीस वर्षे, जी एखाद्या प्राध्यापकाच्या आयुष्यात शिष्यपरंपरा पक्की करण्याची वर्षे असतात, अशी गेली. या वर्षांतून कोणतीही आख्यायिका निघालेली नाही, ही गोष्ट वरील निष्कर्षवाद्यांनी ध्यानात घ्यावी. संस्थेचे काम अर्थातच थांबले नाही. तेथील यिंद्रजिख कोपेचेक यांनी मेथॅक्रिलअमाइडाच्या एका जलविद्राव्य बहुवारिकाचा औषधाचा वाहक म्हणून उपयोग करण्याचे जे संशोधन केले ते पुढे अमेरिकेतील यूटा विद्यापीठात वाढले. बहुवारिकास औषधाचा रेणू बांधून तो इष्ट स्थळी नेण्याच्या आजच्या शास्त्रात या शाखेला मानाचे स्थान आहे. मूळ भिंगाची मात्र पुढे एक मर्यादा उघड झाली. त्याच्या जेलातून प्राणवायू पाण्याच्या वाटेनेच डोळ्याच्या पारपटलापर्यंत पोहोचतो, आणि रात्रंदिवस वापरासाठी तो अपुरा पडतो. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिलिकोन मिसळलेली जलस्नेही जेले आली आणि त्यांनी हळूहळू जुन्या द्रव्याची जागा घेतली. जलस्नेही जाळ्याची मूळ कल्पना त्यांतही आहे.

१९८९ च्या नोव्हेंबरात राजवट कोसळली. त्या घटनेचा प्रारंभ १७ नोव्हेंबरच्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीने झाला, आणि ती मिरवणूक १९३९ साली विद्यापीठे बंद पडल्याच्या पन्नासाव्या स्मृतिदिनाची होती. ज्या दिवसाने विख्तर्ले यांचा प्रबंध रोखला त्याच दिवसाने त्यांना परत आणले. १९९० मध्ये ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. अडीच-तीन वर्षांच्या या कारकीर्दीत, बाहेर घालविलेल्या शास्त्रज्ञांना पुन्हा सामावून घेणे आणि फुगलेल्या संस्थांचा आकार आटोपता करणे अशी दोन परस्परविरोधी कामे अकादमीपुढे होती. ती चालू असतानाच राष्ट्राचे विभाजन ठरले. १९९२ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकिया संपला, त्याबरोबर त्याची अकादमी संपली, आणि विख्तर्ले यांचे अध्यक्षपदही. त्याच वर्षी त्यांचे आत्मकथन चेक भाषेत प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये ३८९९ क्रमांकाच्या लघुग्रहास त्यांचे नाव देण्यात आले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को येथील आपल्या उन्हाळी घरी त्यांचे निधन झाले. चेक विज्ञान अकादमी २००२ पासून तरुण संशोधकांना जो पुरस्कार देते त्यास विख्तर्ले यांचे नाव आहे.